जुन्या गाडीतील धातूच्या भागांची बारीक गळती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, हेराल्ड किंवा जुनी जीप अजून चालती ठेवणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न 'कोणती पेस्ट लावू?' असे सुरू होतात. गळती कुठून आणि का होते आहे हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून क्रमही तसाच ठेवला आहे.

१. सकाळी गाडीखाली डाग दिसतो. नेमके काय गळते आहे हे कसे ओळखावे?

रात्रभर गाडीखाली खोक्याचा जाड पुठ्ठा अंथरावा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर खडूने आखावी, म्हणजे डाग इंजिनाच्या कोणत्या भागाखाली पडला हे सकाळी सांगता येते. काळपट तपकिरी डाग इंजिन ऑइलचा असतो. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असलेला गिअर किंवा डिफरन्शियलच्या तेलाचा. चाकाच्या आतल्या बाजूला जवळपास रंगहीन, बुळबुळीत ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची असण्याची शक्यता मोठी असते. पेट्रोल उडून जाते आणि मागे फक्त पिवळसर कडा राहते.

मात्र डाग पडतो ती जागा आणि गळते ती जागा एकच असेल असे नाही. गाडी धावताना वारा तेलाला मागे ढकलतो, त्यामुळे ओल्या भागातील सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी लागते. आपल्याकडची तांबडी माती त्या तेलात कालवून इंजिनावर अशी पुटे चढवते की तीन-तीन वर्षे खालचा धातू दिसत नाही. प्रथम रॉकेल आणि ब्रशने ती पुटे काढावीत, भाग कोरडा करावा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन दहा मिनिटे चालू ठेवावे. पांढऱ्या पावडरीवर ओलीची रेघ जिथून निघते, तिथून गळतीची सुरुवात असते.

२. प्रत्येक भोक बुजवायलाच हवे का?

नाही, आणि काही भोके बुजवली तर गाडीचे नुकसान होते. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक लहान भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावे, हा त्याचा उद्देश असतो. अजाणतेपणी मी स्वतः एकदा माझ्या पद्मिनीचे हे भोक एम-सीलने बंद केले होते. ठिबकणे थांबले म्हणून आठवडाभर समाधानात होतो. मग पाण्याने बेअरिंग खाल्ले आणि पूर्ण पंप बदलावा लागला. सीलच्या किमतीत निभावले असते ते काम कित्येक पटींनी महाग पडले.

यांत्रिक पेट्रोल पंपाच्या भोकाचेही असेच आहे. तिथून पेट्रोल ठिबकत असेल तर आतला पडदा फाटलेला असतो, धातूला काही झालेले नसते. अशा वेळी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्यावा, कारण फाटक्या पडद्यातून पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरते आणि ते पातळ करते. वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. इंग्रजी घडणीच्या अनेक जुन्या गाड्यांत क्लचच्या घराच्या तळाशी भोक आणि त्यात सैलसर हलणारी स्प्लिट पिन असते. तीही तेल साचू नये म्हणून ठेवलेली आहे. १४८९ सीसी इंजिनाच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलऐवजी तेल मागे ओढून नेणारी आट्यांसारखी खाच असल्यामुळे, गाडी उभी असताना तिथून दोन-चार थेंब पडणे हा दोष मानू नये.

३. रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते म्हणतात. खरे आहे का?

खरे आहे, पण तो उपाय घरी पोहोचण्यापुरता आहे. हळदीच्या भुकटीतील पिष्ट गरम पाण्यात फुगते, पाण्याच्या दाबाने भोकाकडे ओढले जाते आणि तिथे बसते. चोर्ला घाटात अडकलेल्या माणसाला चमचाभर हळदीने बेळगाव गाठता येते, यात शंका नाही. मात्र भुकटीला भोक आणि रेडिएटरची अरुंद नळी यांतला फरक कळत नाही, त्यामुळे जास्त टाकली तर आधीच निम्म्या चोंदलेल्या नळ्या पूर्ण बंद होतात आणि पुढच्या चढावर इंजिन तापते. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक भुकट्यांनाही हेच लागू आहे. घरी आल्यावर पाणी पूर्ण सोडून रेडिएटर उलट्या दिशेने धुऊन घ्यावा आणि प्रश्न ४ मधील कामाला लागावे.

४. जुना पितळी रेडिएटर झाळून (सोल्डर करून) घ्यावा की कोर, म्हणजे नळ्या-पट्ट्यांचा आतला गाभा, बदलावा?

बहुतेक वेळा झाळून घ्यावा. तांब्या-पितळेचा रेडिएटर मुळातच कथिल आणि शिशाच्या झाळाने जोडलेला असतो, त्यामुळे त्याची दुरुस्ती त्याच पद्धतीने होते. कथिल व शिसे साधारण साठ-चाळीस प्रमाणात असेल तर झाळ १८३ अंशांना वितळू लागतो, आणि शिसे वाढवले की पूर्ण पातळ व्हायला अधिक उष्णता लागते. याचा तोटा असा की एका जागी झाळ देताना शेजारचा जुना झाळ सुटू शकतो, म्हणून चांगला कारागीर शेजारच्या सांध्यांवर ओली चिंधी ठेवतो आणि ज्योत एका जागी रेंगाळू देत नाही.

काम नीट होते आहे की नाही हे पाहायचे असेल तर दुकानात थोडा वेळ उभे राहावे. आधी रेडिएटरची तोंडे बंद करून त्यात हवा भरली जाते आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवला जातो. बुडबुडे येतात ती जागा खडूने नव्हे तर खिळ्याने खरवडून खुणावली जाते, कारण ओल्या पितळेवर खडू टिकत नाही. मग ती जागा सोनेरी दिसेपर्यंत घासली जाते. काळी, हिरवट किंवा रंगाची छटा राहिली तर झाळ तिथे चिकटत नाही, मण्यासारखा गोळा होऊन घसरतो. ज्यांनी दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याला नवसागर टाकून पातेल्यात कथिल फिरवताना पाहिले आहे, त्यांना ही चकाकी ओळखता येईल : योग्य तापमानाला झाळ एकदम पसरतो आणि सांध्याच्या आत ओढला जातो. शेवटी पुन्हा हवा भरून बुडवून पाहावे; त्या वेळी हवेचा दाब रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्यापलीकडे जाता कामा नये.

एखाद-दुसरी नळी सडली असेल तर तिची दोन्ही टोके झाळून ती बंद करता येते आणि गारव्यात फारसा फरक पडत नाही. पातळ पट्ट्या बोट लावताच भुग्यासारख्या गळू लागल्या, किंवा गळती एका वेळी चार-पाच ठिकाणी निघाली, तर कोर बदलणे बरे. वरची आणि खालची पितळी टाकी मात्र जपून ठेवावी.

५. झाळून महिना झाला नाही तोच पुन्हा त्याच जागी गळू लागला. कारागिराने फसवले का?

तसे लगेच म्हणू नये. कारागिराकडे जाण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, रेडिएटरच्या खालचे रबर आणि इंजिनाचे माउंटिंग : रबर बसले असेल तर प्रत्येक धक्का सांध्यावर येतो, आणि पावसाळ्यानंतरचे खानापूर तालुक्यातले रस्ते कोणालाही सांगायला नकोत. दुसरी, झाकण. मूळ गाडीला ७ पाउंडांचे (दर चौरस इंचाला ७ पाउंड दाब धरणारे) झाकण असताना दुकानात मिळाले म्हणून १३ पाउंडांचे बसवले, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या झाळावर जवळपास दुप्पट दाब येतो. दर पाउंडामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने चढतो हे खरे, आणि सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात उघडे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते हेही खरे; तरीही उपाय जास्त दाबाचे झाकण नसून स्वच्छ रेडिएटर हा आहे. तिसरी, हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी : ती फुटली असेल तर जळालेला वायू पाण्यात घुसून दाब वाढवतो. थंड इंजिनाचे झाकण काढून गाडी चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर दोष झाळात नाही.

पाण्याबद्दलही एक सांगितले पाहिजे. बोअरच्या जड पाण्याचे खवले आतून बसतात, नळी तिथे जास्त तापते आणि सांधा थकतो. डिस्टिल्ड पाणी आणि तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालतो असे स्पष्ट लिहिलेला कूलंट वापरावा.

६. पेट्रोलच्या टाकीला केसाएवढे भोक आहे आणि गाडी गावाबाहेर उभी आहे. आत्ता काय करू?

अंगाचा किंवा कपड्यांचा वडीचा साबण बोटाने मळून भोकावर घट्ट दाबून चोळावा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे ही जुनी युक्ती काही तास साथ देते. टाकी शक्य तितकी रिकामी ठेवावी, खालून घाव बसणारा खडकाळ रस्ता टाळावा आणि गाडीजवळ विडी-सिगारेट कोणालाही ओढू देऊ नये.

भोक एकच आहे असे मात्र समजू नये. टाकी बाहेरून क्वचित सडते. पेट्रोलबरोबर आलेले आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरून साचलेले पाणी तळाशी बसते आणि पत्रा आतून खाते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने भोकाभोवती हलकेच टोचून पाहावे. पत्रा दबत असेल तर ठिगळ रुपयाएवढे नव्हे, तळहाताएवढे लागेल.

७. गॅरेजवाले म्हणतात, पेट्रोल काढून टाका, वेल्डिंग मारून देतो. चालेल का?

अजिबात चालणार नाही. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक घातक असते, कारण पेट नुसते पेट्रोल घेत नाही. हवेत त्याची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असते तेव्हाच ती भडकते, आणि रिकाम्या टाकीत नेमके हेच मिश्रण तयार होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकी दिवसभर उन्हात उघडी ठेवली तरी तळाशी आणि सांध्यांत राहून जाते. चालू गाडीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत सोडून काम करण्याची पद्धत अजून काही जण सांगतात. तिच्यावर विसंबू नये.

टाकी गाडीतून काढावी, कढत पाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरीने तीन-चार वेळा खळबळून धुवावी, वाफेने धुण्याची सोय असेल तर तीही करावी. मग टाकी फिरवून भोक वर येईल अशी ठेवून भोकाच्या जेमतेम खालपर्यंत पाण्याने भरावी आणि उघड्या ज्योतीऐवजी दूर तापवून आणलेल्या जाड तांब्याच्या कैयाने (झाळण्याच्या हत्याराने) झाळ द्यावा. पत्रा मोठ्या भागात गेला असेल तर ठिगळही झाळूनच बसवता येते. हे काम नवशिक्याने घरी करू नये. टाक्या आणि रेडिएटर यांचेच काम रोज करणारा कारागीर शोधावा.

८. टाकीला आतून लेप देऊन घेतला तर झाळण्याची गरज उरते का?

भोके टाचणीच्या टोकाएवढी असतील आणि पत्रा बाकी ठणठणीत असेल, तर लेप पुरतो. अन्यथा आधी झाळ आणि नंतर लेप. लेप घेताना तो इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकतो असे डब्यावर लिहिलेले आहे का, हे पाहावे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि ऊसपट्ट्यातल्या आपल्या लोकांना इथेनॉल कुठून येते हे सांगायला नको. पण ते पाणी ओढून घेते आणि काही जुने लेप व रबरी नळ्या मऊ करते. सुटलेल्या लेपाचे पापुद्रे फिल्टरमध्ये अडकून गाडी झटके देऊ लागते आणि मालक कार्बोरेटर उघडत बसतो.

९. एम-सील, अराल्डाइट किंवा 'लिक्विड मेटल' कुठे चालते?

जिथे दाब कमी, उष्णता मध्यम आणि फुटल्यास माणसाला धोका नाही, तिथे चालते : संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) बाहेरून, रेडिएटरच्या पितळी टाकीवर तात्पुरते, आणि ब्लॉकच्या पाण्याच्या कप्प्याला बाहेरून गेलेल्या बारीक तड्यावर. सायलेन्सरवर चालत नाही, कारण साधी इपॉक्सी त्या उष्णतेत जळते. ब्रेकवर कधीच चालत नाही (प्रश्न १४). ठिकाण कोणतेही असो, धातू पॉलिश पेपरने खरखरीत आणि थिनरने तेलमुक्त केलेला असावा आणि डब्यावर दिलेला पूर्ण वेळ इपॉक्सीला वाळू द्यावे. पुढे झाळ द्यायचा असेल तर इपॉक्सी लावूच नये. ती पूर्ण खरवडून काढण्यात कारागिराचा अर्धा दिवस जातो आणि तो तुमच्याकडूनच वसूल होतो.

१०. संपच्या नटाशी तेल झिरपते. नट आणखी आवळू का?

आवळू नका, आटे जातील. नटाखालचे तांब्याचे वायसर एकदा दाबले गेले की कडक होते आणि पुन्हा नीट बसत नाही. ते चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवावे आणि पाण्यात टाकावे. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे उलट मऊ होते. वर आलेली काळी पूड पॉलिश पेपरने काढली की वायसर नव्यासारखे बसते. आटेच गेले असतील तर किंचित मोठ्या मापाचा नट किंवा आट्यांची तार बसवावी.

संप स्पीडब्रेकरला घासून चिरला असेल तर तो उतरवून, रॉकेल आणि साबणाच्या पाण्याने धुऊन पितळेने ब्रेझिंग (वितळलेल्या पितळेने जोडणे) करून घ्यावे. तो परत चढवण्याआधी बोल्टांच्या भोकांभोवती पत्रा वर ओढला गेला आहे का ते पाहावे आणि सपाट ठोकळ्यावर हातोडीने बसवावा. अनेक 'गॅस्केट गळते' अशा तक्रारी इथे संपतात.

११. इंजिनाच्या बाजूला वाटीसारख्या गोल झाकणातून गंजाळ पाणी येते. ते काय आहे?

तो कोर प्लग आहे. पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून तो असतो, असा समज सर्वत्र आहे, पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम केलेल्या कोणालाही खरे कारण माहीत असते : ब्लॉकच्या आतला पाण्याचा पोकळ भाग वाळूच्या कोअरने घडवला जातो, ती कोअर धरून ठेवण्यासाठी आणि नंतर वाळू बाहेर काढण्यासाठी ही भोके लागतात, आणि मागाहून ती प्लगने बंद केली जातात. शिवाय बेळगावात पाणी गोठण्याची पाळी येत नाही.

नुसते पाणी वापरल्याने प्लग आतून गंजतो. त्यावर इपॉक्सी थापण्यात अर्थ नाही. पंचाने एका कडेवर ठोकले की प्लग आडवा फिरतो आणि पक्कडीने बाहेर ओढता येतो; तो आत पडू देऊ नये. बैठक घासून स्वच्छ करावी, कडेला सीलंट लावावे, वाटीच्या आकाराचा प्लग योग्य मापाच्या सॉकेटने सरळ ठोकून बसवावा. बशीच्या आकाराचा असेल तर मध्यभागी एक घाव घालून तो पसरवावा. एक गेला की बाकीचेही त्याच वयाचे असतात. शक्य असेल तर सगळेच पितळी बसवावेत.

१२. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्लॉकला तडा गेला आहे. वेल्डिंग होते का?

साध्या इलेक्ट्रोडने करू नये. बीडात कार्बन जास्त असल्यामुळे वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि थंड होताना नवा तडा घेतो. निकेलचा इलेक्ट्रोड, आधी तापवणे आणि राखेत किंवा चुन्यात हळूहळू थंड करणे हे सर्व जमवणारा माणूसच ते काम करू शकतो. पाण्याच्या कप्प्यावरच्या तड्यासाठी टाके घालण्याची थंड पद्धत मला अधिक भरवशाची वाटते : तड्याच्या रेषेवर एकमेकांत शिरतील अशी भोके पाडून, आटे पाडून, त्यांत पिना बसवतात.

तडा कुठे संपतो हे आधी कळायला हवे. जागा स्वच्छ करून रॉकेल लावावे, पुसून टाकावे आणि वर खडू घासावा. तड्यात शिरलेले रॉकेल थोड्या वेळात खडूवर केसासारखी ओली रेघ काढते. दिसणाऱ्या तड्यापेक्षा ती रेघ जवळजवळ नेहमीच लांब निघते.

१३. कार्बोरेटर आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग झाळता येतात का?

जुने कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि ते ४०० अंशांच्या आतच वितळतात. ब्रेझिंगची ज्योत लावली तर भोक बुजण्याआधी कार्बोरेटर वाहून जाईल. पण तिथे धातू क्वचितच फुटलेला असतो. फ्लोटची सुई बसत नसते, किंवा स्क्रू अति आवळल्याने तळ वाकलेला असतो. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तळ आठच्या आकारात घासला की उंच जागा चमकू लागतात; पूर्ण तळ सारखाच चमकू लागला की थांबावे. अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरला आर्गन वेल्डिंग होते, फक्त वर्षानुवर्षे मुरलेले तेल आधी तापवून काढावे लागते.

१४. ब्रेकच्या लोखंडी पाइपला बारीक भोक आहे. तेवढेच झाळून दिले तर?

नाही. झाळ, ब्रेझिंग, इपॉक्सी, मध्ये कापून जोड, यांपैकी काहीही नाही. पेडल जोरात दाबले की या पाइपात रेडिएटरच्या कितीतरी पट दाब येतो. शिवाय ब्रेक ऑइल पाणी शोषते, म्हणजे पाइप आतूनही गंजलेला असू शकतो. पूर्ण तुकडा बदलावा, टोके जुन्या पाइपासारखीच फ्लेअर करून (तोंड फाकवून) घ्यावीत, आणि एका बाजूचा गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही बदलावा. घाट उतरताना याचा हिशेब कळतो.

१५. सायलेन्सरचे बारीक भोक तसेच ठेवले तर काय बिघडते?

आवाजापेक्षा धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची काळजी करावी. त्याला वास नसतो आणि जुन्या गाड्यांच्या तळाला भोके असतातच. लहान भोकाला सायलेन्सर पेस्ट, मोठ्याला गॅस वेल्डिंग.

१६. दुरुस्तीच्या जागेजवळ इंजिन नंबर आहे. काही काळजी घ्यावी का?

नक्कीच घ्यावी. पुनर्नोंदणीच्या वेळी इंजिन आणि चासी नंबर पाहिले जातात, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. झाळकाम किंवा कोर प्लग बदलणे ही देखभाल आहे. पण ग्राइंडर फिरताना नंबराचा एक अंक जरी पुसला गेला, तरी तो पुन्हा स्वतः ठोकून घेण्याचा विचारही करू नये. काम सुरू होण्याआधी नंबराचा स्वच्छ फोटो काढावा, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासून छाप घ्यावा, आणि कारागिराच्या देखत त्या पट्टीवर पत्र्याचा तुकडा बांधून ठेवावा.